कसारा घाट, एक चमचा आणि पोपटची आई

अख्ख्या नाशकात गाडीतलं माझ्याइतकं कुणाला कळत नाही! नुसता आवाज ऐकून मी इंजिनाचं वय सांगतो, दुखणं सांगतो, मालकाचा स्वभावसुद्धा सांगतो. आता आमच्या स्वतःच्या गाडीचं बॉनेट कुठून उघडतं, हे मला बायकोनं दाखवलं, तो भाग वेगळा.

किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. एक जुनी गाडी घ्यायची आणि दोन-तीन मित्र सांभाळायचे, बस्स. झेंडूत तण माजतं तसे किस्से माजतात. उपटून टाकले तरी पुढच्या हंगामाला हजर! त्यातलेच थोडे उपटून इथं ठेवतो.

* * *

आमचा मखमलाबादला फुलांचा मळा. आता पोरगा बघतो. माझी बायको सुमन अजून रोज सकाळी बाजारात हार घेऊन बसते. फुलवाल्याच्या घरात सण म्हणजे कामाचा दिवस, त्यामुळे सुट्टी घेऊन फिरायला जाणं हा प्रकारच नाही. आमची फुलं जन्मभर मुंबईला गेली, सुमन एकदाही गेली नाही. बाईनं समुद्र पाहिलेला नाही!

म्हणून मी एक जुनी व्हॅन घेतली. मागच्या सीटा काढून पलंग टाकला, छोटा ओटा केला, पडदे लावले, इलेक्ट्रिक किटली बसवली. पोरं तिला कॅम्पर म्हणतात. सुमन म्हणाली, "घरातलं झाडणं कमी होतं, म्हणून ही चाकावरची खोली आणली का?"

पण पडदे तिनंच शिवले. निळे.

* * *

गाडीला एकच खोड. चढ आला की इंजिन तापतं. ही एकट्या आमच्या गाडीची नाही, त्या मॉडेलची खानदानी खोड. चहावाल्यापासून ट्राफिक हवालदारापर्यंत सगळ्यांना ठाऊक. गाडी बघितली की लोक आधी विचारतात, "तापते का?" आणि मग विचारतात, "काका, कसे आहात?"

आता गंमत बघा. नाशिकहून समुद्राकडं जायचं तर कसारा घाट उतरायचा. उतारावर आमची गाडी राणी! येताना मात्र तोच घाट चढायचा. म्हणजे समुद्र बघायला जाता येणार, परत येता येणार नाही.

मी सुमनला म्हणालो, "आपण तिकडंच राहू की!"

ती म्हणाली, "खात्रीचा मेकॅनिक मिळाला तर मी गाडीत बसणार. नाहीतर मला समुद्र टीव्हीत दिसतो. तिथं तुम्ही बडबडत नाही."

* * *

ती एवढी का बिथरली, तेही सांगतो. पहिल्या ट्रायलला आम्ही घाटात गेलो होतो. सुमन, मी, माझा मित्र देवराम आणि गंगापूर रोडचे आमचे कुलकर्णी सर. जाताना मी घाटात दोनदा खोटंच ओरडलो होतो, "ब्रेक लागेना! ब्रेक लागेना!" देवरामनं सगळे देव आठवले, सर इंग्रजीत काहीतरी पुटपुटले. मजा आली.

येताना चढावर तापमानाचा काटा खरोखर लाल पट्ट्यात गेला. मी गाडी बाजूला घेतली आणि म्हणालो, "उतरा, इंजिन तापलंय."

कुणी हलेना! सगळे माझ्याकडं बघून हसायला लागले. मी शपथ घेतली, तर आणखी हसले. तेवढ्यात बॉनेटमधून भसाभसा वाफ आली.

त्यांनी टाळ्या वाजवल्या! कुलकर्णी सर म्हणाले, "वा! ही ट्रिक कशी केली?"

* * *

देवराम मूळचा मनमाडचा, रेल्वेतून रिटायर. तो म्हणाला, "इंजिनाचं माझ्यावर सोड. जन्म इंजिनात गेलाय."

आम्ही सोडलं. त्यानं सकाळभर बॉनेटमध्ये डोकं घातलं, नळ्या दाबल्या, हम्म हम्म केलं, फडकं मागितलं, चहा मागितला. शेवटी म्हणाला, "हे डिझेलचं इंजिन आहे."

मी म्हणालो, "ते टाकीच्या झाकणावर लिहिलंय."

मग सुमननंच विचारलं, "भाऊजी, रेल्वेत नेमकं कुठल्या खात्यात होता?"

देवरामनं फडक्यानं हात पुसले. म्हणाला, "वहिनी, कँटीनसुद्धा रेल्वेचंच खातं असतं."

* * *

कुलकर्णी सरांनी वेगळा मार्ग धरला. त्यांनी मोबाईलवर जगातल्या कॅम्परवाल्यांचा कुठलासा ग्रुप शोधला आणि तिथं इंग्रजीत आमच्या गाडीची केस मांडली. फोटो टाकले. इतिहास टाकला. माझं वयसुद्धा टाकलं!

दुसऱ्या दिवशी सर धावत आले. "ब्राझीलहून उत्तर आलंय! त्याच्याकडं हेच मॉडेल होतं!"

आम्ही सगळे गोळा झालो. सरांनी घसा साफ केला आणि वाचून भाषांतर केलं, "विका."

* * *

मग मी माझी पद्धत काढली. मी सातवी नापास असलो तरी परीक्षा घ्यायला कुठं शिकावं लागतं? मेकॅनिक खरा की खोटा हे ओळखायचं, तर त्याला एक खोटं दुखणं द्यायचं. मी सीटखाली एका डब्यात स्टीलचा चमचा ठेवला. गाडी हलली की खडखड, खडखड!

गंगापूर रोडला एक चकाचक गॅरेज. आत एसी, सोफा, कॉफी. तिथल्या टायवाल्या साहेबानं गाडी जरा पुढं-मागं केली, आवाज ऐकला, कॉम्प्युटरकडं बघितलं आणि चेहरा पाडून म्हणाला, "अंकल, गिअरबॉक्स गेलाय. पूर्ण उतरवावा लागेल."

मी म्हणालो, "अरेरे! कॉफी प्यायला हरकत नाही ना?"

गाडीत गेलो, सीटखालून चमचा काढला, परत येऊन सोफ्यावर बसलो आणि त्याच्याच देखत साखर ढवळली. मग चमचा पुसून त्याला दाखवला. "साहेब, हा बघा गिअरबॉक्स. उतरवला."

* * *

हा किस्सा मी बाजारात सगळ्यांना सांगितला. तिथंच माझी चूक झाली. मेकॅनिक लोकांचाही व्हॉट्सॲप ग्रुप असतो, हे मला काय माहीत!

पुढच्या आठवड्यात इंदिरानगरला एका गॅरेजवर गेलो. खरं दुखणं सांगितलं, "चढावर इंजिन तापतं." मालकानं बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. थेट सीटखाली वाकला आणि म्हणाला, "काका, चमचा कुठाय?"

सातपूरला गेलो. तिथला म्हणाला, "आज काय ठेवलंय? काटा का सुरी?"

पाथर्डी फाट्यावरच्यानं तर माझ्याबरोबर फोटो काढून घेतला. गाडी बघितली नाही!

नाशकात भरवशाचा मेकॅनिक शोधत मी फिरत होतो, आणि नाशिकचे मेकॅनिक मला टाळत होते. घरी आलो तर सुमन व्हॅनचे निळे पडदे काढून धुवायला टाकत होती. म्हणाली, "घरच्या खिडकीला लावते. वाया कशाला घालवायचे?"

मी तो चमचा नेऊन स्वयंपाकघरात ठेवला.

* * *

दुसऱ्या सकाळी ती बाजारातून आली आणि म्हणाली, "गाडी काढा. आडगाव नाक्याला पोपट फिटरकडं जायचंय. तो माझ्याकडून गॅरेजसाठी रोज हार नेतो. आणि तुम्ही तिथं तोंड उघडायचं नाही."

"एवढा भरवसा कशावरून?"

"तो दुरुस्त केलेल्या गाडीत आधी स्वतःच्या आईला बसवतो. आई पास म्हणाली, तरच गाडी गिऱ्हाइकाला देतो."

पोपट फिटर म्हणजे नावाप्रमाणे बोलका. दिंडोरीकडचा गडी. मला बघितल्याबरोबर ओरडला, "आलं का चमचेवालं बाबा! ताई, तुमच्या तोंडाकडं बघून गाडी घेतो. यांच्या तोंडाकडं बघून तर मी सायकलीत हवा पण नाय भरणार!"

त्यानं इंजिन उघडलं. आतली फाटलेली पॅकिंग बदलली, रेडिएटर धुतला, पाण्याचे जुने पाईप काढून नवे टाकले. काढलेलं सगळं सामान सुमनच्या हातात दिलं. मी हात पुढं केला तर म्हणाला, "नाय बाबा. तुम्ही हे उद्या कुणाच्या तरी सीटखाली ठेवाल."

* * *

ट्रायलच्या दिवशी पोपटची आई नऊवारी नेसून, डोक्यावर पदर घेऊन, पुढच्या सीटवर येऊन बसली. वय विचारायची हिंमत नव्हती. पोपट चालवायला, सुमन आणि मी मागे पलंगावर. निळे पडदे परत लागले होते.

सुमन माझ्या कानात म्हणाली, "आज काही केलंत आणि त्या नापास म्हणाल्या, तर समुद्र गेला. मग आयुष्यभर माझी बोलणी खावी लागतील."

मी म्हणालो, "गळ्याची शपथ."

"कुणाच्या?"

घाट उतरलो. मी म्हणालो, "बघा, कशी मस्त उतरली!"

म्हातारी पुढं बघतच म्हणाली, "उतरतो तर दगड बी. चढून दाखवू दे."

गाडी वळली आणि चढाला लागली. एक वळण, दुसरं वळण. काटा जागचा हलेना! सुमननं माझा हात घट्ट धरला होता. एवढं सगळं सुरळीत चाललेलं बघून मला खोडी सुचली. स्वभावाला काय करणार? मोकळ्या हातानं मी हळूच चहानं भरलेल्या किटलीचं बटण दाबलं. झाकण उघडं ठेवलं, तोंड पुढच्या सीटकडं केलं.

ऐन चढावर भसाभसा वाफ पुढं गेली. "पोपट!" मी ओरडलो. "तापली रे तापली! वाफ आली!"

पोपटचा पाय ब्रेककडं गेला. सुमनचा चेहरा उतरला.

म्हातारीनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. नाकानं एकदा हुंगलं. "चालव रे पोपट. थांबू नको. इंजिनाच्या वाफंला आल्याचा वास येत नाय."

वरपर्यंत किटलीतला चहा तेवढा उकळत होता.

घाट संपल्यावर पोपटनं गाडी सावलीत लावली, बॉनेट उघडलं. म्हातारी उतरली. इंजिनाजवळ तळहात धरून बघितला. मग मागचं दार उघडलं. मी किटली हातात घेऊन बसलो होतो. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सुमनचा हात हातात घेतला.

पोपट म्हणाला, "आई, पास का नापास?"

"गाडी पास हाय," म्हातारी सुमनला म्हणाली. "जा पोरी, खुशाल समुद्र बघून ये. गाडी परत येईल, त्याची खात्री माझी. ह्याला परत आणायचं का नाय, ते तिथं गेल्यावर तुझं तू ठरव."