बब्रुवानाचे दहा आकडे

भूमजवळच्या माळावर बब्रुवानाची चाळीस मेंढरं. त्यांतल्याच एका एडक्यानं धडक दिली आणि धन्याचं उजवं कोपर मोडलं. प्लास्टर निघालं, पण कोपर असं आखडलं की हात डोक्यापर्यंत पोचेना. भाकरी डाव्या हातानं खाता येते. पटक्याला दोन्ही हात लागतात. मिसरूड फुटल्यापासून बब्रुवानानं आपला पटका आपणच बांधलेला. आता तो बायको, धुरपदाबाई, बांधायची. तिनं जन्मभर घागरीखालची चुंबळ वळलेली, पटकाही तसाच वळायची. पारावर एकानं विचारलं, "घागर कुठं राहिली?" त्या दिवसापासून गड्यानं बाजार सोडला. लाज वाटली, दुसरं काय!

शेवटी धुरपदाबाईनंच त्याला भूमला निकिता मॅडमकडं नेलं. पोरगी नातीच्या वयाची, पण फिजिओथेरपी शिकलेली. तिनं आधी कोपराला शेकाची पिशवी गुंडाळली. बब्रुवान खूश झाला.

"एवढंच असतंय व्हय? मग रोज येतो की!"

तेवढ्यात पिशवी निघाली आणि मॅडमनी हात हळूहळू वाकवला.

"बाबा, दहा मोजा, मग सोडते."

"एक, दोन, तीन... आयाया! एक, दोन..."

"अहो, तीन झाले होते!"

"मोजणी तुटली न्हवं! मेंढरं मोजताना मधीच बोललं, की पहिल्यापासनं मोजायचं."

मॅडम हसल्या, पण हात सोडला नाही. दहा गाठायला पाच खेपा लागल्या. बाकीचे पेशंट एकदा मोजून सुटायचे. हा इमानी माणूस रोज ओरडायचा आणि पुन्हा एकपासून सुरू करायचा. त्यामुळंच की काय, कोपर भराभर सुटत गेलं.

सव्वा महिन्यानं, बाजाराच्या दिवशी, तो आरशासमोर पटका घेऊन उभा राहिला. वेढे बसले. शेवटचं टोक खोचताना मात्र कोपर अडलं.

"मोज गं," तो दात आवळून म्हणाला.

धुरपदाबाई मोजू लागली. सातला तो कळवळला, "आयाया!"

"आठ," ती म्हणाली.

"अगं, तुटली की मोजणी!"

"तुमची तुटली. माजी चालू हाय. नऊ."

दहाला टोक आत गेलं. पटका जरा तिरपा बसला होता. तो सरळ करायला धुरपदाबाईनं हात उचलला, आणि तसाच खाली घेतला.

"जावा आता बाजारला," ती म्हणाली.