समजा, मनोरा खाचरात उभा आहे

दहावीच्या त्रिकोणमितीत एक माणूस असतो. त्याला दुसरं काही कामच नसतं. तो मनोऱ्यापासून ठरावीक अंतरावर उभा राहतो, मान वर करतो आणि मनोऱ्याची उंची आपल्याला विचारतो. जव्हार तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मी बरीच वर्षं गणित शिकवते आहे आणि या माणसाचा मला मनापासून राग आहे. पण पोरं पास व्हायची तर त्याची आकृती नीट काढावीच लागते. आकृती जमली की अर्धं गणित सुटलं, हे मी वर्गात इतक्या वेळा सांगितलंय की वाक्य पोरंच पुरं करतात.

एका वर्षी तालुक्यातल्याच वांगणीची एक मुलगी फक्त गणितात नापास झाली. पुरवणी परीक्षेत गणित सुटलं तर ती जव्हारला वसतिगृहात राहून अकरावी करणार होती. नाही सुटलं तर दिवाळीनंतर आईबापाबरोबर वीटभट्टीवर. हे तिच्या बापानं मला शाळेच्या दारात सांगितलं, एसटी कधी सुटते ते सांगावं तसं. मी म्हटलं, परीक्षेपर्यंत तिला माझ्याकडे पाठवा.

पहिल्याच दिवशी तिनं आकृती काढली. मनोरा सरळ, माणूस सरळ, जमीन मात्र तिरकी, मनोऱ्याकडे चढत गेलेली. मी पट्टी घेऊन रेघ आडवी केली. पुढच्या गणितात पुन्हा चढ.

"अगं, यात काटकोन कुठाय?"

"नाय होत बाई. जमीनच तशी हाय."

"पुस्तकात सपाट असते."

"पुस्तकवाल्याचं गाव कंचं?"

चेष्टा नव्हती, तिला खरंच माहिती हवी होती. मीही इथल्याच साखरशेतची. आमच्या ओट्यावरून पेला सुटला तर तो शेजारच्या अंगणात सापडतो. तरी इतकी वर्षं आडव्या रेघा मारताना ही शंका मला शिवली नव्हती, याचाच मला जास्त राग आला.

मग मीही इरेला पेटले. हिला सपाट जमीन दाखवायचीच. आधी मैदानावर गेलो. तिथे कबड्डीत चढाकडचा संघ हमखास जिंकतो, त्यामुळे नाणेफेक झाली की निम्मे प्रेक्षक घरी जातात. मैदानाच्या मधोमध परात ठेवून मी काठोकाठ पाणी भरायला घेतलं. एका बाजूनं सांडायला लागलं, दुसरी बाजू कोरडीच. मग परात व्हरांड्यात नेली. व्हरांड्याला उतार मुद्दाम दिलेला. शिपाईमामांनी ही कसली पूजा म्हणून विचारलं. भूगोलाचे सर म्हणाले, "जव्हार-मोखाड्यात सपाट काय शोधताय बाई? खोडाळ्याच्या बाजारात भोपळ्यांनासुद्धा घरंगळू नयेत म्हणून दगडाची उटी लावतात. तुम्ही बदली मागा."

मुलगी परातीतल्या पाण्याकडे बघत होती. म्हणाली, "खाचर सपाट असतंय की बाई. नायतर भाताचं पाणी कसं थांबंल?"

"मग आधी नाही का बोलायचं?"

"तुम्ही मनोरा म्हणलात. खाचरात मनोरा कोण बांधंल?"

मी म्हटलं, आपण बांधू. त्या दिवसापासून मनोरा, झाड, शिडी लावलेली भिंत, पतंग उडवणारा मुलगा, सगळे खाचरात गेले. जमीन आडवी झाली. काटकोन यायला लागले. पण पोरगी चोख. माणूस चिखलात रुतणार, म्हणून तिनं त्याच्या उंचीतून वीतभर वजा केली. मी सांगितलं, माणसाची उंची धरायचीच नाही, तो नुसता बिंदू आहे. ती म्हणाली, बिंदू बघंल कशानं? तासभर वाद घालून आमची मांडवली झाली. माणूस चिखलात आडवा पडून बघतो, म्हणून त्याची उंची धरायची नाही. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत खाचरात लोळणारा माणूस तिला अजिबात पसंत नव्हता. केवळ माझ्याखातर तिनं त्याला चालवून घेतलं.

परीक्षेच्या दिवशी मी जव्हारला केंद्राच्या फाटकाबाहेर थांबले होते. ती उतरलेल्या तोंडानं बाहेर आली.

"मनोरा नव्हता बाई. दीपगृह आलं. नि समुद्रात जहाज. समुद्र सपाटच असतो ना?"

"सपाट."

"नक्की?"

समुद्र आमच्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आहे, पण तिनं तो पाहिला नव्हता.

"नक्की," मी म्हटलं.

"त्याला बांध असतो?"

"नसतो गं."

"मी घातलाय," ती म्हणाली. "जहाजाच्या पलीकडं. नायतर पाणी वाहून जाईल, मग काटकोन कसा यायचा?"

तिनं उत्तर सांगितलं. ते बरोबर होतं. पण आकृती तपासणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आल्यावर काय होईल, कुणास ठाऊक. मी तिला भजी खायला घातली. निकाल लागेपर्यंत माझं कशात लक्ष लागेना.

निकाल लागला तेव्हा वांगणीत फोन लागत नव्हता. रस्ता होता तिथवर जीपनं गेले, पुढे चालत. ती आणि आईबाप, तिघंही खाचरात तण काढत होते. मी लांबूनच ओरडले, गणित सुटलं म्हणून. मुलीनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली वाकून भराभर तण उपटायला लागली. तिची पाठ हलत होती. आई मला पुन्हा पुन्हा विचारत राहिली, सगळे विषय ना, सगळे ना. बापानं हात धुतले.

"म्हणजे दिवाळीनंतर आपण दोघंच जायचं," तो बायकोला म्हणाला.

भट्टी काही त्यांना चुकली नव्हती. पण 'दोघंच' म्हणताना तो असा हसला, की मला हुंदका आवरेना.