हिरामावशींचा किनारा

हिरामावशींनी पहिल्या भेटीत माझं नाव विचारलं नाही, गाडी आहे का ते विचारलं. ईलिंगच्या आमच्या इमारतीत मी नुकतीच राहायला आले होते. घट्ट अंबाडा घातलेल्या या म्हाताऱ्या बाई जिन्यातच म्हणाल्या, "मराठी हायस ना? मग रविवारी मना दर्यावर नेशील?"

मावशी उरणकडच्या कोळीवाड्यातल्या. लग्न होऊन इंग्लंडला आल्या आणि हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत काम करून निवृत्त झाल्या. नवरा गेला होता, मुलगा बर्मिंगहॅमला बँकेत होता. दुकानातली मासळी त्या नाइलाजानेच घेत. एसेक्सच्या खाडीला ओहोटी लागली, की पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्या अनवाणी चिखलात उतरत. टाचेने दाब देऊन तिसऱ्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, कुठे आहेत ते ओळखत. लहान असतील त्या पुन्हा चिखलात ठेवत आणि मला समजावत, "ही अजून शालंत जाणारी हायत. ऱ्हाऊ दे."

घरी खाण्यापुरत्या तिसऱ्या वेचायला तिथे बंदी नव्हती. तरी पहिल्याच रविवारी दोन मत्स्य अधिकारी थेट आमच्याकडे चालत आले. कुणासाठी काम करता, तुम्हाला इथे कुणी आणलं, पासपोर्ट कुठे आहे, असं विचारत राहिले. मग त्यातल्या तरुणाने मावशींची बादली चिखलात पालथी केली. पलीकडे एक गोरं कुटुंब बादल्या भरत होतं. मावशींनी तिकडे बोट दाखवलं. "व्हाय यू नॉट आस्क देम?"

"दे आर लोकल," तो म्हणाला.

मावशी माझ्याकडे वळल्या. "त्याला सांग, तू जन्मला नव्हतास तवा मी तुज्या मानसांच्या चादरी धूत व्हते."

मी सांगितलं. त्याने आमच्या गाडीचा नंबर लिहून घेतला.

त्यानंतर गाडी उभी केली की ते हजर होत. एकदा बादली रिकामी असतानाही त्यांनी मावशींना वाऱ्यात उभं करून ठेवलं. खाडीत पाणी भरू लागलं तेव्हा कुठे सोडलं. परतताना मावशी गाडीत इतकंच म्हणाल्या, "आमच्या गावात पोलीस पन कोलनीची पाटी लवंडायच्या आदी इचार करतो." त्या आठवड्यात आम्ही तक्रार केली.

मत्स्य विभागाच्या ऑफिसातून बोलावणं आलं. मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. मोठे साहेब सभ्य होते, त्यांनी स्वतः चहा आणून दिला. बेकायदा शिंपल्या वेचणाऱ्या टोळ्यांमध्ये तुमच्यासारखी माणसं असतात, आमचे लोक अनुभवावरून वागतात, असं त्यांनी शांतपणे समजावलं. मावशींनी माझ्यामार्फत विचारलं, माझ्याकडे कधी काही वावगं सापडलं का? नाही, ते म्हणाले. मग अनुभव कुणाचा, असं मावशींनी विचारल्यावर ते हसले आणि दार उघडून उभे राहिले. पुढे उत्तर आलं, की भेदभाव झाल्याचं आढळत नाही, तरीही योग्य ती पावलं उचलली जातील.

पावलं म्हणजे किनाऱ्यावर एक नवा फलक. वेचणाऱ्यांची झडती होईल, असा इशारा त्यावर हिंदीत, पंजाबीत, बंगालीत आणि चिनी भाषेत होता. इंग्रजीत नव्हता. मी हिंदी ओळी वाचून दाखवल्या. मावशी बराच वेळ फलकासमोर उभ्या होत्या. त्यांच्या बाजूने एक गोरा माणूस भरलेली बादली घेऊन गाडीकडे गेला.

"अगोदर नुसतं वागत व्हते," त्या म्हणाल्या. "आता लिवून ठेवलं."

त्या दिवशी त्या चिखलात उतरल्या नाहीत, पुढे कधीच नाही. मी दोन-तीनदा विचारलं, दुसरा किनारा शोधू म्हटलं. "दर्या सगलीकडं सारखाच हाय गो," त्या म्हणाल्या. "मी पन सगलीकडं सारखीच दिसते."

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. अंत्यविधीनंतर हॉलमध्ये मराठी मंडळातले एक गृहस्थ त्यांच्या मुलाला म्हणाले, की आईला समुद्राचं भारी वेड, पण वय झालं आणि सुटलं बिचारीचं. मुलाने मान हलवली. मावशी आजारी पडेपर्यंत लिफ्ट सोडून जिन्याने येत-जात होत्या. त्यांना वयाने थांबवलं नव्हतं. कुणी थांबवलं, ते मी तिथेच, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

मग त्या गृहस्थांनी मला विचारलं, चहा घेणार का.