ओल्या पोत्याखालची परीक्षा

पेरणीआधी प्रयागबाईच्या अंगणात ओलं पोतं पडलं नाही, असं एकही साल गेलं नाही. सोयाबीनचे शंभर दाणे मोजून पोत्यात गुंडाळायचे, पाणी शिंपडत राहायचं आणि चार दिवसांनी उलगडून मोड मोजायचे. सत्तरच्या खाली उगवलं की ते बियाणं ती परत पाठवायची, मग ते सख्ख्या भावानं दिलेलं का असेना. मानोऱ्याजवळच्या त्या गावात तिच्या हातच्या मापावर कोणी कधी शंका घेतली नव्हती.

यंदा मात्र तोच हात बदनाम झाला.

तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, पुंजाजीनं, दहा गुंठ्यांत स्ट्रॉबेरी लावली होती. पहिल्या तोड्यातली ओंजळभर फळं पोहरादेवीला वाहिली, बाकीची कारंजाच्या बाजारात गेली. मग मार्गशीर्षात धुकं उतरलं आणि लालभडक फळांवर राखेसारखी बुरशी चढली. हात लावला की भुरकन उडायची. मानोऱ्याच्या रामकिसन औषधवाल्यानं दिलेलं औषध पुंजाजी दर आठ दिवसांनी फवारत होता. पंपात ते मापून टाकायचं काम प्रयागबाईचं. तीन फवारण्या झाल्या, बुरशी हटेना.

मंगळवारी पुंजाजी त्याच्याकडून वेगळ्या नावाची नवी बाटली घेऊन आला. ओसरीत टेकत म्हणाला, "रामकिसन म्हणे आधीचं औषधही चोखच हाये. मापात गडबड झाली असंन. बाईमाणसाच्या हाती टोपण दिलं की असंच होते म्हणे."

"अन् तुमी काय म्हटलं?"

"मी काय म्हणू? ऐकून घेतलं. दुकान भरून लोक होते."

"म्हणजे दुकान भरून लोकायनं माह्यं नाव ऐकलं."

पुंजाजीनं पागोट्याशी चाळा केला. "हे मारून पाहू. नाईच हटली तर सोमवारी रोटावेटर घालून सारं मोडतो. सडकं पाहून पाहून जीव उबगला."

"ही बाटली पंपात जाणार नाई. आधी तिची परीक्षा."

"औषधाची कायची परीक्षा? ते का सोयाबीन हाये?"

"बी उगवते का, हे पोत्यात पाहतो ना आपण? मंग बुरशी उगवते का, हेही पाहू."

बुधवारी तिनं बारा निकोप फळं तोडून आणली, तीन ताटल्यांत चार-चार मांडली. एकीतली साध्या पाण्यात बुडवायची, दुसरीतली जुन्या औषधात, तिसरीतली नव्या. मेडिकलमधून कोरी सिरिंज आणून तिनं ती पुंजाजीपुढं धरली.

"माप तुमी घ्या. माह्या हाताले विटाळ हाये ना."

तो खाली बसला. बाटलीवरचा आकडा वाचून, डोळ्यांजवळ सिरिंज धरून थेंबाथेंबानं माप घेतलं. बुडवलेली फळं वरून सुकल्यावर, बुरशी लागावी म्हणून तिनं प्रत्येकाला सडकं फळ टेकवलं, ताटल्यांवर टोपली पालथी घातली आणि वर ओलं पोतं टाकून सगळं गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवलं. गुरुवारी लक्ष्मीचा उपवास होता. पाच फळांत तिनं पेरू, बोरं मांडली. स्ट्रॉबेरी ठेवली नाही. "ज्याच्यावर माह्याच मनाचा भरोसा नाई, ते तुले कसं देऊ माय," एवढंच म्हणाली.

रविवारी सकाळी तिनं पुंजाजीलाच पोतं उचलायला लावलं. तिन्ही ताटल्यांवर राखाडी बुरशी. नव्या औषधाच्या एका फळावर थोडी कमी, बस.

"माप कोणाचं होतं?" तिनं विचारलं.

"माह्यंच," पुंजाजी म्हणाला.

सोमवारी ट्रॅक्टरवाला रोटावेटर घेऊन शेताच्या धुऱ्यावर, बांधापाशी आला, त्याला तिनं तिथूनच परत पाठवलं. ताटल्या पिशवीत घालून, नवऱ्याला घेऊन ती मानोऱ्याच्या बसमध्ये बसली. रामकिसनच्या दुकानात पाच-सहा शेतकरी होते. तिनं तिन्ही ताटल्या काउंटरवर मांडल्या.

"अवो मावशी, हे सडकं दुकानात कायले आणलं?"

"यातलं साध्या पाण्याचं कोणतं अन् तुमच्या औषधाचं कोणतं, तेवढं वळखून दाखवा, भाऊ."

रामकिसन हसला. "हे काय शाळा हाये काय? मापात..."

"माप म्या घेतलं होतं," पुंजाजी मागून म्हणाला. "बाईमाणसानं नाई."

भिवाजी नावाचे म्हातारे शेतकरी पुढं वाकून ताटल्या न्याहाळू लागले. "सांग ना बाप्पा," ते रामकिसनला म्हणाले, "इकलं तर तूच."

रामकिसननं मागं वळून तिसरीच बाटली काढली. प्रयागबाईनं तिला हातही लावला नाही.

तिनं फोन करून बोलावलेल्या कृषी विज्ञान केंद्रातल्या मंजुषा मॅडम दुपारी शेतात येऊन गेल्या. दोन्ही बाटल्या पाहून म्हणाल्या, नावं निराळी, पण औषधं एकाच घराण्यातली. तेच ते मारत राहिलं की कच्ची बुरशी मरते, औषध पचवणारी उरते आणि मग तिचीच पोरंबाळं शेतभर होतात. असली बुरशी कधी कधी रोपांसोबतच येते. मग त्यांनी धुऱ्यावर टाकलेल्या सडक्या फळांच्या ढिगाकडं आणि हरभऱ्याच्या स्प्रिंकलरकडं बोट दाखवलं. संध्याकाळी तेच स्प्रिंकलर स्ट्रॉबेरीवर फिरायचे, रात्रभर फळं ओली राहायची.

"हे आमचं चुकलं," प्रयागबाई म्हणाली. "ढीग म्याच घातला. पण मापाचं नाई चुकलं."

शेजारच्या गोमतीबाईला घेऊन तिनं चार दिवस वाफे साफ केले. सडकी फळं, वाळकी पानं खड्ड्यात पुरली, पाणी सकाळी बुंध्याशी द्यायला लावलं. मॅडमनी वेगळ्या घराण्यातलं औषध लिहून दिलं, तेही आधी पोत्याखाली गेलं. त्या ताटलीतली चारही फळं लाल राहिली, तेव्हाच पंपात पडलं. तरीही तीन वाफे गेलेच. बाकीच्यांवर पौषात तोडा आला.

आता भिवाजी आपली बाटली आणि पिशवीभर सडकी फळं घेऊन तिच्या दारी आले होते. त्यांच्यामागं आणखी दोघं. रामकिसननं किसनसिंग ऑटोवाल्याच्या हाती निरोप धाडला, की मावशीले सांगा, कोणाच्या धंद्यात पाय नका घालू.

प्रयागबाई ताटल्या घासत होती. मान वर न करता किसनसिंगला म्हणाली, "त्याले सांग, माह्याकडे पोती लय हायेत. इकायच्या आधी त्यानंच बाटल्या घेऊन यावं. माप त्याच्याच हातानं घेऊ."