औंढ्याच्या देव्हाऱ्यातली पोलंडची राणी

पोलंडचं नाणं विकत घ्यायला लोणावळ्याला निघालोय म्हटल्यावर घरच्यांनी कपाळाला हात लावला. पण मला राहवेना. शेजाऱ्यांनी लचके तोडून नकाशावरून पुसून टाकलेला देश! त्याने पुन्हा उभं राहून स्वतःचं नाणं पाडावं, याहून मोठा जाहीरनामा कोणता?

युद्ध संपलं तरी तिसऱ्या वर्गात पाय ठेवायला जागा नाही. जाणाऱ्यांनी सकाळची गाडी धरावी आणि साखर घरून न्यावी. हॉटेलात चहा गुळाचाच मिळतो.

हान्काबाई ही निर्वासित पोलिश बाई हवापालटासाठी लोणावळ्यात राहिली होती. आता बोटीने थंड मुलखात जायचं होतं. कोटाला पैसे हवेत म्हणून किडूकमिडूक विकत होती. तिने आधी पोलंडची एक जुनी नोट हातावर ठेवली. शून्यं पाहून मी हबकलोच. एक कोटी मार्क!

"आई पिशवीभर नोटा न्यायची, पाव आणायची," ती मोडक्या मराठीत म्हणाली. "मग नवं चलन आलं. अठरा लाख मार्क दिले की एक झ्लॉटी."

लोकांच्या घामाची रद्दी करणाऱ्या सरकारांवर मी सभा गाजवल्या आहेत. ती रद्दी बोटांत धरली ती मात्र पहिल्यांदाच. नव्या संग्राहकांनी सुरुवात याच नोटांपासून करावी, स्वस्त मिळतात.

मला हवं होतं ते दहा झ्लॉटींचं चांदीचं नाणं. त्यावर पदर घेतल्यासारखी एक बाई आहे. पोलंडची जुनी राणी म्हणतात.

"ते सकूमावशीकडे. मी आजारी, म्हणून सांभाळायला दिलं. चला."

सकूमावशी तिला दूध घालणारी, जवळच्या औंढे गावची. टांग्याचं भाडं आधी ठरवा. पुढे भाताच्या बांधांवरून चालावं लागतं.

"या भाऊ, चपला भाईर काडा," म्हणत मावशीने थेट देव्हाऱ्यापाशी नेलं. मी हादरलो. हळदीकुंकवाने माखलेलं, घासून घासून गुळगुळीत झालेलं ते नाणं मावशीच्या सासू-सासऱ्यांच्या टाकांशेजारी बसलं होतं! घरातलं माणूस गेलं की चांदीच्या पत्र्यावर त्याची आकृती उठवून देवांत ठेवतात, ते टाक.

"मावशी, हे काय केलंत?"

"काय म्हंजी? हिची आय हाय ती. येका सांजंला हिनं मेणबत्ती लावून या नाण्याम्होरं डोळं पुसलं, मी बगितलं की. आन् हिच्या खोलीत देव्हारा न्हाई. मंग मी बसवली माझ्यात. रोज दिवा लावते."

"मी ते विकत घ्यायला आलोय."

"आयला कुनी इकतंय व्हय? चांदी पायजे तर सोनाराकडं जावा की!"

मूर्तिपूजेवर तोफा डागणारा मी. ही राणी आहे, हिची आई नव्हे, हे सांगायला तोंड उघडलं. हान्काबाईने माझं मनगट घट्ट धरलं.

"नको," ती इंग्रजीत म्हणाली. "नाणं आईने माझ्या कोटात शिवलं होतं. युद्धात आम्हाला गाडीत कोंबून हाकललं, तेव्हा ती रुळांच्या कडेला मेली. गाडी थांबली नाही. तिला कबर नाही."

मग वाकून तिने नाण्याला कुंकू लावलं. "असू दे इथेच," ती मावशीला म्हणाली.

"मंग! कुटं जानार व्हती?" मावशीने दुधाचं भांडं पुढे केलं.

घरी परतलो तो कोटीची नोट घेऊन. हान्काबाईच्या कोटापुरते पैसे मी त्या नोटेसाठीच मोजले. संग्राहक मित्र मला वेड्यात काढतात. काढोत. परवाच्या सभेत मूर्तिपूजेचा विषय निघाला. मला औंढ्याचा दिवा आठवला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी तो मुद्दा सोडून पुढे गेलो.