गजकाकांचा हात

गजकाकांचा हात थांबला की नाटक पास. जालन्यात नाटक लिहिणाऱ्या आम्हा पोरांना हा नियम तोंडपाठ होता, आणि तो कुठेही लिहिलेला नव्हता.

काकांचं जालन्याच्या मस्तगड भागात कापडाचं दुकान होतं. दर थंडीत ते एका शाळेच्या हॉलमध्ये तीन दिवस पोरांची नाटकं भरवायचे. महोत्सव हा शब्द आमचा. ते आपलं ‘पोरांची नाटकं’ म्हणायचे. नाटक अठराच्या आतल्या मुलानं किंवा मुलीनं स्वतः लिहिलेलं असावं, एवढीच अट. परतूर, अंबड, मंठ्याहून पोरं वह्या घेऊन एस.टी.नं यायची आणि दुकानातल्या गादीवर मांडी घालून नाटक वाचून दाखवायची. समोर काका लोखंडी गज घेऊन कापड मोजत बसलेले. गिऱ्हाईक असो नसो, हात चालूच. मांजरपाटाचा एक ताका तर त्यांनी एका थंडीत शंभरदा तरी मोजला असेल. “तू वाच, मी आयकून राह्यलो,” म्हणायचे. वाचता वाचता तो गज मध्येच थांबला, की वाचणाऱ्याच्या जिवात जीव यायचा. न थांबताही एखादं नाटक ते घ्यायचे, पण त्याला ती शान नव्हती.

त्यांच्या काही तक्रारी ठरलेल्या होत्या. आमच्यापैकी कोणाच्याच घरी फोन नव्हता, पण प्रत्येकाच्या नाटकात पडदा उघडला रे उघडला की टेबलावरचा फोन वाजायचा. काका मान वर न करता विचारायचे, “तुह्या घरी हाये का फोन?” “नाही.” “मंग कोन करून राह्यलं एवढे फोन?” मरणाच्या बाबतीत ते जरा उदार होते. “एक मयत माफ. दुसरी कापायची.” अंबडच्या एका मुलानं अर्ध्या तासात पाच माणसं मारली होती. त्याला काका म्हणाले, “आरे, शेवटी नमस्काराला तरी कोनी जित्तं ठिव.”

काका सातवी पास. यांना नाटकातलं काय कळतं, असं गावातले जाणते लोक म्हणायचे. मीही म्हणायचे, कारण माझ्या पहिल्या नाटकाला त्यांचा हात थांबला नव्हता. मी मुंबईतल्या एका उद्योगपतीच्या मुलीचं दुःख लिहिलं होतं. उद्योगपती मी कधी पाहिला नव्हता आणि मुंबईही. सगळं ऐकून काकांनी ताका गुंडाळला आणि म्हणाले, “कापड चांगलं हाये माय, पर माप दुसऱ्याचं घेतलं तू.” त्या वर्षी मी प्रेक्षकांत बसून फुरंगटून सगळी नाटकं पाहिली.

पुढच्या वर्षी मी अकरावीसाठी मस्तगडलाच आत्याकडे राहायला आले. रोज दुकानावरून जाणं व्हायचं. एकदा त्यांनी हटकलं, “घरी काय चाल्लंय?” मी तुटकपणे म्हटलं, “काय चालायचं? आई मेंबर झाली आणि मीटिंगला दादा जातात.”

“मंग ते लिव की,” काका म्हणाले.

बायकांसाठी राखीव जागा तेव्हा नुकत्याच आल्या होत्या. मंठ्याजवळच्या आमच्या गावात आई ग्रामपंचायतीवर निवडून आली, हारही तिच्याच गळ्यात पडला. पण दुसऱ्या दिवसापासून गाव ‘मेंबर’ म्हणून हाक मारायचं ती माझ्या वडिलांना, दादांना. सभेला दादा जायचे. रजिस्टर घरी यायचं आणि आई पिठाचे हात पुसून, जीभ दातात धरून, सावकाश सही करायची. सही झाली की ती क्षणभर त्या पानाकडे बघत राहायची. तेवढीच तिची मेंबरकी.

मी ते सगळं लिहिलं. वाचायला बसले, तर काका चारदा हसले, पण गज काही थांबेना. शेवटी माझ्या नाटकातला नवरा स्त्रीच्या अधिकारांवर दोन पानी भाषण देऊन बायकोची क्षमा मागायचा. “हे भाषन तुह्या बापानं केलं का?” काकांनी विचारलं. “न्हाई ना? मंग कापून टाक. नाटक घेतो मी, पर शेवट दुसरा आन.” मी घरी येऊन रडले, मग दोन्ही पानं फाडली. आता शेवटी आई फक्त सभेत येते आणि आपल्या खुर्चीवर बसते. पडदा. एवढंच. दिवस थोडे उरले होते, त्यामुळे हा शेवट काकांना वाचून दाखवायचं राहून गेलं.

काकांचा आणखी एक दंडक होता. लिहिणाऱ्याच्या घरचे लोक पहिल्या रांगेत. आई-दादांना त्यांनी स्वतः निरोप धाडला. नाटक सुरू झालं तेव्हा मी विंगेतून दादांचे लाल झालेले कान पाहत होते. दादा उठून चालते झाले तर आईला घरी काय ऐकावं लागेल, हे मला पक्कं ठाऊक होतं. समोरच्या विंगेत पडद्याची दोरी धरून काका उभे. दोरी ते कधी दुसऱ्याच्या हाती द्यायचे नाहीत.

आईचं काम करणारी माझी मैत्रीण आली, खुर्चीवर बसली. आणि पडदा पडेना! बिचारी बसून राहिली. पदर सारखा केला, तरी पडदा नाही. शेवटी तिनं खुर्ची जराशी पुढं ओढली आणि म्हणाली, “हं, मंग? करा की सुरू!”

हॉल हसून कोसळला. पहिल्या रांगेत आई तोंडाला पदर लावून गदगदत होती. दादांनी तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मांडीवर थाप मारून मोठ्यानं म्हणाले, “बराबर हाये!” पुढच्या सभेला आई स्वतः गेली. दादा तिला पंचायतीच्या दारापर्यंत सोडायला गेले आणि सभा संपेपर्यंत समोरच्या पारावर बसून राहिले.

मी मात्र काकांवर चिडले होते. माझा शेवट दोरीनं खाल्ला, आणि टाळ्या मैत्रिणीच्या वाक्याला. काका सगळ्यांना सांगत होते, “दोरी अडकली, काय करता?” पुढे मी आणखी दोन नाटकं लिहिली. ती बसली, गाजलीही, पण वाचताना हात थांबला नाही तो नाहीच. नोकरी लागली, लग्न झालं, तरी ही सल गेली नाही. इतरांसाठी थांबलेला हात माझ्यासाठी का थांबू नये?

काका गेले त्याच्या आदल्या दिवाळीत मी त्यांना भेटायला गेले होते. दुकान मुलानं तयार कपड्यांचं केलं होतं. मोजायला काही उरलं नव्हतं, तरी काका कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून धोतराचा काठ बोटांनी मोजत होते. “आई कशी हाये?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “आता सरपंच आहे.” ते खूश झाले. तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, “काका, त्या दिवशी ती दोरी अडकायला नको होती.”

काकांची बोटं धोतराच्या काठावर थांबली.

“दोरी कशी अडकंल माय? त्याच साली नवी टाकली होती मी,” ते म्हणाले. “हात थांबला होता.”