उजवा हात मोकळा हवा

जॅमच्या बरणीचं झाकण फिरलं, टप् असा आवाज आला, आणि रॉबर्ट यांचा चेहरा पडला.

मी टाळ्या वाजवायच्या तयारीत होते. पहिल्या अपॉइंटमेंटला हेच झाकण त्यांच्याकडून तसूभरही हललं नव्हतं. त्यांची बायको इसोबेल शेजारच्या खुर्चीतून "वेल डन, बॉब" म्हणाली, पण तेही बेतानंच. रॉबर्ट यांनी बरणी टेबलावर ठेवली आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. नापास होऊन आलेल्या पोराकडे बाप बघतो ना, तसं.

मी हॅण्ड थेरपिस्ट आहे. ऑक्युपेशनल थेरपीची डिग्री नागपूरची, नोकरी नॉर्दर्न आयर्लंडमधल्या एका हॉस्पिटलात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, त्यामुळे डिग्रीचं नाव मी पूर्ण घेते, कोणी विचारलं नाही तरी. काम सोपं करून सांगायचं तर, हाताला त्याचं रोजचं काम परत मिळवून द्यायचं. म्हणून आमचा पहिला प्रश्न "कुठं दुखतं?" हा नसतोच. "या हातानं तुम्हाला काय करायचंय?" असा असतो. कोणी म्हणतं विणकाम, कोणी म्हणतं शर्टाची बटणं. त्याला आम्ही गोल म्हणतो. पुढची सगळी ट्रीटमेंट त्या गोलच्या मागे चालते.

रॉबर्ट यांनी सांगितलं होतं, बरण्या. सत्तरी ओलांडलेला, उंच, कमी बोलणारा माणूस. अंगठ्याच्या मुळाशी संधिवात. हा सांधा गेला की चिमूट जाते, आणि चिमूट गेली की किल्ली, चेन, झाकण सगळंच परकं होतं. मी त्यांना स्प्लिंट करून दिला, म्हणजे अंगठ्याला आधार देणारं प्लास्टिकचं कडं. पुटी दिली. ती कणकेच्या गोळ्यासारखी असते, फक्त वाळत नाही. मळत बसायचं, ताकद येते. त्यांनी सगळं इमानेइतबारे केलं. आणि आज झाकण उघडल्यावर हा चेहरा.

"तुम्हाला जॅम आवडत नाही का?" मी शेवटी विचारलं.

"नाही," ते म्हणाले.

इसोबेल हसली. हसता हसता थांबली. "सांग तिला, बॉब. नाहीतर मी सांगते."

रॉबर्ट यांनी दाराकडे पाहिलं. ते नेहमी दार दिसेल अशाच खुर्चीत बसायचे. मी समजत होते, घाई असते त्यांना.

"मला स्लाइड ओढायची आहे."

"कसली स्लाइड?"

"पिस्तुलाची."

इथं थोडं समजावून सांगायला हवं. युनायटेड किंग्डममध्ये बाकी सगळीकडे सामान्य माणसाला स्वरक्षणासाठी पिस्तूल बाळगता येत नाही. पण नॉर्दर्न आयर्लंडमध्ये, ज्यांच्या जिवाला खरोखर धोका आहे असं पोलिसांना पटतं, त्यांना लायसन्स मिळू शकतं. रॉबर्ट तुरुंगात ऑफिसर होते. वाईट वर्षं होती ती, सशस्त्र गट तुरुंगातल्या ऑफिसरांना घरी गाठून मारायचे. त्यांच्याबरोबर काम करणारा एक मित्र स्वतःच्या घराच्या दारात मारला गेला. तेव्हापासून रॉबर्ट यांच्या कंबरेला, जॅकेटच्या आत, पिस्तूल. रिटायर झाल्यावरही. दुकानात, चर्चमध्ये, मुलीच्या लग्नात.

"आत्ता आहे जवळ?" माझा आवाज जरा चिरकलाच.

"हॉस्पिटलमध्ये आणत नाही. घरी तिजोरीत आहे," ते म्हणाले. "म्हणून तर इथं येताना घाम फुटतो मला."

पिस्तुलाचा वरचा भाग म्हणजे स्लाइड. तो दुसऱ्या हाताच्या चिमटीत पकडून मागे ओढायचा. भरायलाही तेच, रिकामं करायलाही तेच. रॉबर्ट यांची पद्धत थोडी उलटी होती. पिस्तूल डाव्या हातात धरून स्लाइड उजव्यानं ओढायची, मग पिस्तूल उजव्या हातात घ्यायचं. तोच हात गेला होता. शिवाय जुनं पिस्तूल जड, आता कंबरेला पेलवेना.

"बंदुकांच्या दुकानात छोटी आली आहेत. कॉम्पॅक्ट," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात जीव आला. "हलकं असतं, जॅकेटखाली दिसत नाही. छोटं आहे म्हणजे ओढायलाही सोपं. पुटीनं थोडी ताकद आली की झालं."

"आणि नाही झालं तर?"

उत्तर इसोबेलनं दिलं. "स्लाइड अडकायला लागल्यापासून आम्ही घराबाहेर पडलेलो नाही, लव्ह. फक्त तुझ्याकडे येतो. मला समुद्रावर फिरायला जायचं असतं. हा म्हणतो, पिस्तूल चालत नाही तोवर मी तुला सांभाळू शकत नाही."

मी आमच्या टीम लीडकडे गेले. फियोना तिचं नाव, इथलीच, बोलायला फटकळ.

"फियोना, एका पेशंटचा गोल पिस्तूल आहे."

तिनं चहाचा मग खाली ठेवला. "लायसन्स आहे?"

"आहे."

"मग तो गोल आहे. तुला आवडतो का, हा प्रश्न नाही. त्याचा हात ते सेफली करू शकतो का, हा आहे. किटली उचलता येते का बघायला तू लोकांच्या किचनमध्ये जातेस की नाही? इथं दुकानात जा. काही धोक्याचं दिसलं तर त्याच्या फॅमिली डॉक्टरला आणि पोलिसांना कळवावं लागेल, हे त्याला आधी सांग. लपवाछपवी नको. आणि वैशाली, तू हात लावायचा नाहीस हां कशाला."

"मी? अगं, मी दिवाळीत लवंगी फटाकासुद्धा लांबून लावते."

खरं सांगायचं तर बंदूक मला अगदीच नवी नव्हती. माझे बाबा खामगावला एका पतसंस्थेत वॉचमन होते. खांद्याला पट्ट्यानं अडकवलेली बारा बोअरची. उभ्या आयुष्यात एकदाही उडवली नाही. बंदूक संस्थेतच ठेवून घरी यायचे, पण उजवा खांदा घरीही झुकलेलाच. रविवारीसुद्धा. आई म्हणायची, "अहो, खाली ठेवली ना तिकडं? मग सरळ बसा की." बाबा सरळ बसायचे आणि दोन घास खाईपर्यंत परत झुकायचे. त्यामुळे रॉबर्ट यांना हसावं किंवा त्यांची भीती वाटावी, असं मला काही झालं नाही.

दुकान एका छोट्या गावात होतं. पुढं गमबूट, कुत्र्यांचं खाणं, मासेमारीचे गळ. मागच्या खोलीत कुलपाआड बाकीचं. मालक ट्रेव्हर रॉबर्ट यांना वर्षानुवर्षं ओळखणारा. त्यानं टेबलावर मऊ कापड अंथरलं, पिस्तूल रिकामं आहे हे स्वतः पाहिलं, रॉबर्ट यांना दाखवलं, आणि मग ठेवलं. मी कोपऱ्यात उभी. मला पिस्तूल बघायचंच नव्हतं. मला अंगठा बघायचा होता.

पहिलं सगळ्यात छोटं. तळहातात मावणारं. रॉबर्ट यांनी कौतुकानं उचललं, स्लाइड चिमटीत धरली आणि ओढली. हललीच नाही. परत ओढली. अंगठ्याचं मूळ आत कोसळलं. मुळाशी दुखतंय हे मला चेहऱ्याच्या आधी तिथं दिसलं.

"छोट्याची स्प्रिंग जास्त कडक असते, बॉब," ट्रेव्हर म्हणाला. "लांबी कमी, काम तेच. आणि उडवल्यावर झटकाही जास्त. लोक उलटं समजतात."

"आमच्याकडेही तेच," मी म्हटलं. "संधिवात झाला की लोक छोटे, हलके चमचे आणतात. आम्ही त्या चमच्याच्या दांड्याला जाड फोम चढवतो. बारीक वस्तू धरायला जास्त जोर लागतो."

"म्हणजे लपवायला छोटं हवं आणि धरायला मोठं," ट्रेव्हर म्हणाला.

"मग मधलं दे," रॉबर्ट म्हणाले.

त्याआधी ट्रेव्हरनं रिव्हॉल्व्हर दिलं. त्याला स्लाइड नसते, गोळ्या गोल चक्रात बसतात. पण त्याचा चाप ओढायला जड. रॉबर्ट यांचं बोट थरथरलं, नळी टेबलावरून खिडकीकडे वळली. त्यांनी स्वतःच ते खाली ठेवलं.

मग मधल्या आकाराचं, हलक्या स्प्रिंगचं. स्लाइड मागे आली! इसोबेलनं श्वास सोडला. रॉबर्ट माझ्याकडे बघून चक्क हसले. "पुटी!" म्हणाले.

"छान," मी म्हटलं. "आता रिकामं करून दाखवा. भरलंय असं समजा."

ट्रेव्हर माझ्याकडे बघून हळूच होकारार्थी मान हलवत होता. पिस्तूल भरता आलं म्हणजे जमलं असं नाही. घरी आल्यावर, दमलेल्या हातानं, कोणाच्या मदतीशिवाय ते रिकामं करता यायला हवं.

रॉबर्ट यांनी केलं. जमलं. "पुन्हा," मी म्हटलं. जमलं, पण ओठ आवळले गेले. "पुन्हा." या वेळी स्लाइड अर्ध्यावर बोटांतून निसटली आणि खाड्कन पुढं आपटली. खोलीत आवाज जरा जास्तच मोठा वाटला.

पुढच्या दुकानात कोणीतरी गमबुटांचा साइझ विचारत होतं.

"अजून काही आठवडे पुटी केली तर?" रॉबर्ट यांनी विचारलं. ट्रेव्हरला नाही, मला.

असं कोणी विचारलं की होकार द्यावासा वाटतो. पण डिग्री त्यासाठी नाही घेतलेली. "सांध्यातली कूर्चा झिजलीय," मी म्हटलं. "ताकद अजून थोडी येईल. भरवसा येणार नाही. बरणीला ताकद पुरते, रॉबर्ट. याला भरवसा लागतो."

त्यांनी पिस्तूल कापडावर सरळ ठेवलं. अगदी कडेला समांतर. "मग मी तिला घेऊन बाहेर कसा पडू?"

"इथं... म्हणजे माझ्याकडे हॉस्पिटलमध्ये कसे येता?"

"कसे म्हणजे?"

"पिस्तुलाशिवायच येता ना? पार्किंग, लिफ्ट, तो भलामोठा कॉरिडॉर. दर वेळी. घाम फुटतो, तरी येता."

त्यांनी कापडाची सुरकुती सरळ केली. मग म्हणाले, "ते वेगळं आहे. तिथं तू असतेस."

"मी काय करणार? माझ्याकडे पुटी आहे फक्त."

ट्रेव्हर आधी हसला. मग इसोबेल. मग रॉबर्ट, डोळे पुसत.

"आता नवा गोल ठरवू," मी म्हटलं. "बरणी सोडून."

"मला विचार ना," इसोबेल अचानक म्हणाली. "सगळे ह्यालाच विचारतात."

बरोबर होतं तिचं. आम्ही पेशंटला विचारतो. शेजारच्या खुर्चीला नाही विचारत. "तुम्हाला काय हवंय, इसोबेल?"

"मला ह्याच्या दुसऱ्या बाजूनं चालायचंय."

मला कळलं नाही. मग तिनं सांगितलं. उजवा हात मोकळा हवा, हा रॉबर्ट यांचा नियम. त्या हातात पिशवी नाही, छत्री नाही, मुलगी लहान होती तेव्हा तिचं बोटही नाही. आणि इसोबेल कायम डावीकडे. रस्त्यात, चर्चमध्ये, माझ्या क्लिनिकमध्येही तिची खुर्ची डावीकडेच. मला वाटत होतं, तिला एका कानानं कमी ऐकू येत असेल.

"तू कधी बोलली नाहीस," रॉबर्ट म्हणाले.

"तुझा हात कामात होता ना," ती म्हणाली. रागानं नाही. नवऱ्याच्या ड्यूटीबद्दल बायका बोलतात तसं.

पुढचं सगळं आमच्या धंद्यातलं साधं काम. घरच्या तिजोरीतलं जुनं पिस्तूल ट्रेव्हरच्या ताब्यात गेलं. पोलिसांना फोन रॉबर्ट यांनी स्वतः केला, मला कळवायची वेळच आली नाही. मग पायरी पायरीनं बाहेर पडणं. आधी आमचाच कॉरिडॉर. मग हॉस्पिटलचा कॅफे, तिथं मुद्दाम दाराकडे पाठ करून. पहिल्या दिवशी त्यांनी अर्धा स्कोन, म्हणजे इथला गोडसर बन, तसाच टाकला. नंतर कधीतरी पूर्ण खाल्ला, वर माझाही. उजवा हात मध्येच कंबरेकडे जायचा, तिथं काही नसायचं, आणि तो हात तसाच लटकत राहायचा, काय करावं न सुचलेला. इसोबेल तो उचलून आपल्या हातात घ्यायची. हा व्यायाम मी दिला नव्हता. पण आडही आले नाही.

शेवटच्या अपॉइंटमेंटला दोघं समुद्रावरून थेट आले. बुटांना वाळू. त्यांना निरोप देऊन मी खिडकीशी उभी राहिले. पार्किंगमध्ये ती त्यांच्या उजवीकडून चालत होती, हातात हात. गाडीपाशी पोचल्यावर रॉबर्ट थांबले आणि कोणी खाली बॉम्ब तर लावला नाही ना, हे वाकून पाहू लागले. ती सवय काही सुटली नव्हती, आणि मी ती सोडवायलाही बसले नाही. फक्त इसोबेलनं हात सोडला नाही. त्यामुळे त्यांना एकाच हातावर तोल सांभाळत वाकावं लागलं. त्यांच्या वयाला ते अवघडच, पण जमलं.

त्या रविवारी मी खामगावला फोन केला आणि आईला विचारलं, बाबांबरोबर चालताना तू कुठल्या बाजूनं चालायचीस गं? "मागून," ती म्हणाली. "पण हे असं का विचारतेस?"

गोल विचारण्याची माझी पद्धत आता थोडी बदलली आहे. शेजारच्या खुर्चीलाही विचारते. आणि पेशंट बरणी म्हणाला, की लगेच पुटी काढत नाही. आधी विचारते, तुम्हाला जॅम आवडतो का?